बिअरचा देश वाइनकडे कसा वळला

12 जुलै 1983 रोजी लक्झेम्बर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने एका लांबलेल्या खटल्याचा निकाल दिला. एका बाजूला युरोपीय आयोग, दुसऱ्या बाजूला ब्रिटन सरकार. वाद होता बिअर आणि वाइनवरच्या कराचा. युरोपीय समुदायात 1973 मध्ये दाखल झालेल्या ब्रिटनने वाइनवर बिअरपेक्षा कितीतरी जड कर ठेवला होता. 1970 च्या दशकाच्या मध्यात सारख्याच मापाला तो जवळजवळ पाचपट पडत होता. समुदायाच्या करारात एक स्पष्ट अट होती: घरच्या मालाला आडोसा मिळेल अशा रीतीने बाहेरच्या मालावर कर लावायचा नाही. बिअर ब्रिटनमध्येच तयार होई, वाइन जवळजवळ सगळी बाहेरून येई. इटली आयोगाच्या बाजूने उभी राहिली, कारण तिच्याकडे स्वस्त, हलकी वाइन भरपूर होती आणि तिला लंडनची बाजारपेठ हवी होती.

ब्रिटनचा बचाव ऐकण्यासारखा आहे. सरकारचं म्हणणं असं की या दोन पेयांची स्पर्धाच नाही. बिअर हे सामान्य माणसाचं, पबमध्ये, दिवसभराच्या कामानंतर प्यायचं पेय. वाइन सणासमारंभाची, खास जेवणाची. दोघांचे गिऱ्हाईक वेगळे, प्रसंग वेगळे, मग एकावरच्या कराने दुसऱ्याला फायदा होतोच कसा?

न्यायालयाने हे मान्य केलं नाही. पिण्याच्या सवयी देशागणिक वेगळ्या असतात आणि काळाबरोबर बदलतात, त्यांना कायमचा नियम समजता येत नाही, असं त्याने 1980 च्या अंतरिम निकालातच सांगितलं होतं. त्यापुढचा मुद्दा त्याहून मोलाचा होता: देशाने आपल्या करातून लोकांच्या सवयी गोठवून ठेवायच्या आणि मग त्याच सवयींचा दाखला देऊन कर योग्य ठरवायचा, हे चालणार नाही. ब्रिटिश माणूस वाइन पीत नाही म्हणून ती महाग आहे, की महाग आहे म्हणून तो पीत नाही, हा प्रश्न न्यायाधीशांनी पुरता ओळखला होता.

माणूस बिअर सोडून वाइनकडे का वळतो असं विचारलं, की उत्तर बहुधा जिभेपासून सुरू होतं. बिअर कडवट, पोट फुगवणारी. वाइन फळाच्या चवीची, जेवणाशी जमणारी. एकेका माणसापुरतं हे खरं असतं. पण अख्ख्या देशाची आवड दोन पिढ्यांत पालटते तेव्हा जिभांना काही झालेलं नसतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये प्यायल्या जाणाऱ्या एकूण मद्यार्कापैकी साधारण चार-पंचमांश बिअरमधून जात होता आणि वाइनचा वाटा नगण्य होता. पन्नास वर्षांनी बिअर आणि वाइन, दोघींकडे प्रत्येकी एक-तृतीयांशाच्या आसपास वाटा होता. एवढा मोठा बदल समजायचा तर बाटलीत काय आहे याच्या आधी बाटली कोणत्या दारातून आत आली, ते पाहावं लागतं.

मागे जाऊ. सतराव्या शतकात इंग्लंडमधले खातेपिते लोक फ्रेंच वाइन पीत. बोर्दोची लाल वाइन, म्हणजे क्लॅरेट, लंडनच्या खानावळींत सर्रास मिळे. मग फ्रान्सशी युद्धं सुरू झाली, फ्रेंच मालावर कधी बंदी आली तर कधी जबर कर बसला. 1703 मध्ये पोर्तुगालशी झालेल्या मेथुएन तहाने हे पक्कं केलं: पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांशाने कमीच राहील. इंग्रज माणूस पोर्टकडे वळला. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ब्रँडी घालून कडक केलेली ही गोड वाइन पुढे अस्सल इंग्रजी आवड म्हणून ओळखली जाऊ लागली.

या कराची एक खोच सहसा लक्षात येत नाही. तो किमतीवर नव्हता, मापावर होता. स्वस्त वाइनचं पिंप असो की उंची वाइनचं, कर तेवढाच. सामान्य माणसाला परवडेल अशा हलक्या वाइनची किंमत त्यामुळे दुपटी-तिपटीने वाढे, आणि महागड्या वाइनला मात्र तो फारसा जाणवत नसे. परिणाम उघड होता. स्वस्त वाइन यायचीच थांबली. आली ती फक्त श्रीमंतांच्या टेबलावरची किंवा थोड्यात जास्त चढणारी. वाइन ही बड्या लोकांची चैन आहे हा समज त्यातून रुजला. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक जॉन नाय यांनी याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि ब्रिटनच्या बिअरप्रेमाचं बरंचसं श्रेय ते कराला देतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. ते पटायला आणखी एक कारण आहे: वाइनवरचा कर बंदरावर वसूल करता येई आणि देशातला एकही शेतकरी त्यामुळे दुखावला जात नसे, कारण इंग्लंडच्या थंडीत द्राक्षबाग फारशी पिकतच नव्हती. बिअरमागे मात्र बार्ली पिकवणारे जमीनदार होते आणि पुढे बलाढ्य बिअर कारखानदार. 1880 ते 1891 या काळात गिनेस, बास आणि ऑलसॉप या बिअर घराण्यांतले कर्ते पुरुष एकामागून एक उमराव होऊन थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन बसले.

1860 मध्ये अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी ही घडी मोडायचा प्रयत्न केला. फ्रान्सशी नवा व्यापार करार झाला होता. गॅलनला पाच शिलिंगांहून जास्त असलेला कर ग्लॅडस्टननी उतरवत आणला. 1862 पर्यंत हलक्या वाइनवर तो एका शिलिंगावर आला आणि कडक वाइनवर त्याहून बराच जास्त राहिला. म्हणजे फ्रेंच क्लॅरेट स्वस्त, पोर्ट आणि शेरी महाग. त्यांच्या मनात नैतिक हेतू होता: लोक जिन आणि कडक पेयं सोडून जेवणाबरोबर हलकी वाइन घेऊ लागतील, घरी, कुटुंबात. त्यासाठी त्यांनी खानावळींना वाइनचे परवाने दिले आणि 1861 मध्ये दुकानदारांना सुटी एकेक बाटली विकायची मुभा दिली. त्याआधी वाइन घ्यायची तर व्यापाऱ्याकडे मोठी ऑर्डर द्यावी लागे आणि घरात तळघर असावं लागे. आता ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आली.

या संधीचं सोनं केलं वॉल्टर आणि आल्फ्रेड गिल्बी या भावांनी. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर 1857 मध्ये त्यांनी लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वाइनचा धंदा सुरू केला होता, कारण वसाहतीच्या मालाला करात सवलत होती. 1860 मध्ये ती सवलत गेली आणि त्यांनी लगेच फ्रान्सकडे मोर्चा वळवला. गावोगावच्या किराणा दुकानदारांना एजंट नेमून आपल्या नावाच्या, ठरलेल्या भावाच्या बाटल्या त्यांनी फळीवर मांडल्या. चहा, साखर, मेणबत्त्या आणि शेजारी क्लॅरेट.

यावर जे वादळ उठलं त्याचे पडसाद 1870 च्या दशकाच्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सच्या मद्यपानविषयक समितीपुढे झालेल्या साक्षींमध्ये उमटले. मुख्य तक्रार स्त्रियांबद्दल होती. पबच्या पायरीवर चढायला जी बाई कधी धजणार नाही, ती किराणा आणायला म्हणून दुकानात जाईल, बाटली घेईल आणि महिन्याच्या उधारीच्या वहीत ती चहा-साखरेत दडून जाईल. नवऱ्याला पत्ताही लागणार नाही. आरोप करणाऱ्यांत डॉक्टर होते, धर्मगुरू होते, आणि धंदा बुडण्याच्या भीतीने अस्वस्थ झालेले पबवालेही होते.

हे वाचताना 27 जानेवारी 2022 आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण दिलं ते द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचं आणि छोट्या वायनरींचं. विरोधकांनी विचारलं ते घरातल्या बाईमाणसांचं आणि पोराबाळांचं: किराणा घ्यायला गेलेल्या कुटुंबाच्या नजरेसमोर बाटली का हवी? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या, वर्षाच्या मध्यात सरकारच बदललं आणि निर्णय अमलात आला नाही. जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर, वेगळा समाज, वेगळा धर्म. तरी भांडण त्याच जागेवर येऊन ठेपलं, दुकानाच्या दारात.

ग्लॅडस्टनचा प्रयोग अर्धवटच यशस्वी झाला. मध्यमवर्गाच्या घरात वाइन पोचली, कामगाराच्या घरात पोचली नाही. 1870 च्या दशकानंतर वाढ खुंटली. फायलॉक्झेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, वाइन महागली, भेसळीचा बाजार फोफावला. इकडे बिअर कारखानदारांनी पबच विकत घ्यायचा सपाटा लावला. पबचा मालक कारखाना आणि चालक त्याचा भाडेकरू. तो दुसऱ्याची बिअर ठेवू शकत नसे, आणि वाइन ठेवण्यात त्याला काही स्वारस्य नसे. ही व्यवस्था शंभर वर्षं टिकली. 1970 च्या सुमारास सहा मोठ्या कंपन्यांच्या हातात देशातली बहुतेक बिअर आणि हजारो पब होते. तिथे वाइन मागितली तर काउंटरमागे कधीची उघडून ठेवलेली, आंबट होत चाललेली एखादी बाटली मिळे. असा घोट घेऊन कुणी वाइनच्या प्रेमात पडेल, ही अपेक्षाच चूक.

पब हे पुरुषांचं घर होतं, हेही इथे आठवायला हवं. बाईने एकटीने आत जावं, बारपाशी उभं राहून मागवावं, हे 1960-70 पर्यंत बऱ्याच ठिकाणी डोळ्यांत खुपे. आणि हे फक्त पबपुरतं नव्हतं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांच्या ओळीत, एल व्हिनो नावाचा जुना वाइन बार होता. पत्रकार आणि वकील तिथे दुपारी गर्दी करत. नियम असा, की स्त्रियांनी बारपाशी उभं राहायचं नाही. मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, वेटर तिथे आणून देईल. वकील टेस गिल आणि पत्रकार ॲना कूट यांनी लिंगभेदविरोधी कायद्याखाली दावा लावला. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, अपील न्यायालयात नोव्हेंबर 1982 मध्ये जिंकल्या. न्यायाधीशांनी हेरलेली बाब अगदी व्यावहारिक होती: बातम्या त्या बारपाशी उभ्या राहिलेल्या घोळक्यात फिरतात, आणि तिथून हटवलेल्या बाईचं धंद्यात नुकसान होतं.

त्याच काळात शहरांत नव्या धाटणीचे वाइन बार उघडत होते. स्वच्छ टेबलं, बाहेरून आत दिसेल अशा काचा, खायला काहीतरी बरं. कचेऱ्यांत नोकरीला लागलेल्या मुलींची पहिली मोठी पिढी तिथे जाऊ लागली. बिअर नको असं त्यांनी ठरवलं असेलही. पण ज्या जागेत त्यांना सुखाने बसता येत होतं तिथे समोर येणारा ग्लास वाइनचा होता, हे जास्त महत्त्वाचं. बिअरच्या जाहिराती त्या काळात पुरुषांशी बोलत होत्या, आणि निम्म्या गिऱ्हाइकाला कंपन्यांनी स्वतःच दूर ठेवलं.

आता चवीकडे यायला हरकत नाही, कारण तिचाही वाटा होता. कडक लाल वाइनचा तुरटपणा नव्या माणसाला झेपत नाही. तो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा असतो आणि तोंड कोरडं करतो. ब्रिटनला वाइनची पहिली गोडी लावली ती अक्षरशः गोड वाइनने. जर्मनीची लीबफ्राउमिल्ख, तिचा ब्लू नन हा प्रसिद्ध ब्रँड, पोर्तुगालची किंचित फसफसणारी गुलाबी मातेउश, पुढे इटलीची लांब्रुस्को. लीबफ्राउमिल्खमध्ये बाटली भरण्याआधी न आंबवलेला थोडा द्राक्षरस मिसळत. त्यामुळे गोडवा राही आणि मद्यार्कही नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. जाणकारांनी तिला नावं ठेवली. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या घरात कधीच वाइन आली नव्हती तिथे रविवारच्या जेवणाला तिने प्रवेश मिळवून दिला. स्पेनच्या स्वस्त सहलींवरून परतलेल्यांनीही ही सवय घरी आणली.

मग 1984 चा मार्च आला. न्यायालयाच्या निकालामुळे हात बांधलेले अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी अंदाजपत्रकात वाइनच्या बाटलीवरचा कर सुमारे 18 पेन्सने उतरवला आणि बिअरच्या पाइंटवर 2 पेन्स चढवले. सुपरमार्केटच्या फळीवर हा फरक लगेच दिसला. एव्हाना सुपरमार्केटं वाइनमध्ये शिरली होतीच. त्यांनी स्वतःच्या नावाची लेबलं लावली, मागच्या बाजूला ही वाइन कोरडी की गोड, कशाबरोबर प्यावी, हे साध्या इंग्रजीत छापलं. दुकानातल्या माणसाला विचारण्याची लाज संपली. फ्रेंच बाटलीवर गावाचं आणि मळ्याचं नाव असे. ते वाचता येत नसलं की माणूस हात मागे घेई. ऑस्ट्रेलियाने बाटलीवर द्राक्षाचं नाव छापलं: शार्दोने, शिराझ. एकदा आवडलं की पुढच्या वेळी तेच मागता येत होतं.

ऑस्ट्रेलियाची वाइन स्वस्त कशी पडली, यालाही कारणं आहेत. मरी आणि डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्यावर सपाट, विस्तीर्ण बागा, यंत्राने तोडणी, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवणी. कडक उन्हात द्राक्षं दरवर्षी भरपूर पिकत, त्यामुळे यंदाची बाटली गेल्या वर्षीसारखीच लागे. महागड्या ओकच्या पिंपांऐवजी टाकीत ओकचे तुकडे टाकून व्हॅनिलासारखा वास आणत. त्यात डिसेंबर 1983 मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर बाजारावर सोडला गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बराच घसरला. लंडनच्या खरेदीदाराला सगळा माल एकदम स्वस्त झाला. 1990 च्या दशकात शार्दोने घरोघरी पोचली होती. हेलन फील्डिंग यांच्या 1996 मधल्या कादंबरीची नायिका ब्रिजेट जोन्स संध्याकाळी तीच पिते, आणि वाचकांना ते ओळखीचं वाटलं.

आरोग्याचा दाखला इथेच कुठेतरी जोडला गेला. नोव्हेंबर 1991 मध्ये अमेरिकेतल्या '60 मिनिट्स' या कार्यक्रमात फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज रेनो यांनी सांगितलं की लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी होतो, त्यामागे रेड वाइन असावी. रेड वाइनची विक्री उसळली. ज्यांना प्यायची होतीच त्यांना डॉक्टरचा आधार मिळाला. या समजाला तडा देणारा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात कुणाची रक्ततपासणी नाही, फक्त किराणा सामानाची बिलं आहेत. 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो आला. डेन्मार्कमधल्या दोन मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांच्या 98 दुकानांतल्या सुमारे 35 लाख खरेद्या संशोधकांनी तपासल्या. वाइन घेणाऱ्यांच्या बिलात ऑलिव्ह, फळं, भाज्या, कमी चरबीचं चीज जास्त. बिअर घेणाऱ्यांच्या बिलात तयार जेवण, साखर, चिप्स, सॉसेज जास्त. म्हणजे वाइन पिणारा निरोगी दिसत असेल तर त्याच्या पिशवीत आणखी काय आहे, ते आधी बघायला हवं. पैसा, शिक्षण, जेवणाची शिस्त, हे सगळं त्या बाटलीबरोबर घरी येत होतं आणि नाव बाटलीचं होत होतं.

वाइन नेमकी किती प्यायली जाते, याचा हिशेब ग्लासातच चुकतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2017 मध्ये इंग्लंडमधले तीनशे वर्षांचे 411 वाइन ग्लास गोळा करून मोजले. संग्रहालयातले, राजवाड्यातले, काच कारखान्याच्या कॅटलॉगमधले, आजच्या दुकानातले. अठराव्या शतकातला ग्लास सरासरी 66 मिलिलिटरचा, आजचा 449 मिलिलिटरचा. जुने ग्लास एवढे चिमुकले का, याच्या कारणांत पुन्हा कर भेटतो: 1745 पासून पुढची शंभर वर्षं इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर होता. आज ब्रिटिश बारमध्ये ग्लासने विकायची वाइन 125 किंवा 175 मिलिलिटरच्या मापात किंवा त्यांच्या पटीत द्यावी लागते. 'मोठा ग्लास' म्हणजे 250 मिलिलिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. 13 टक्क्यांच्या वाइनच्या अशा एका ग्लासात 32 मिलिलिटरहून जास्त शुद्ध मद्यार्क असतो. चार टक्क्यांच्या बिअरच्या ब्रिटिश पाइंटमध्ये, जो 568 मिलिलिटरचा असतो, साधारण 23. हलकं, नाजूक पेय म्हणून हातात घेतलेला तो एक ग्लास पबमधल्या भरलेल्या पाइंटला मागे टाकतो. दोघांनी जेवताना एक बाटली संपवली तर प्रत्येकाच्या पोटात दोन पाइंटांहून थोडा जास्त मद्यार्क गेलेला असतो, आणि त्याला 'पिणं' असं कुणी म्हणत नाही. ब्रिटनच्या डॉक्टरांनी 2016 पासून आठवड्याला जास्तीत जास्त 140 मिलिलिटर मद्यार्काची मर्यादा सांगितली आहे. अशा वाइनच्या दीड बाटलीतच ती संपते.

ग्लॅडस्टनना वाटलं होतं की हलकं पेय कडक पेयाची जागा घेईल. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे घडलं ते वेगळं होतं. बिअर कमी झाली हे खरं, पण 1950 च्या दशकापासून 2004 पर्यंत माणशी एकूण मद्यार्क जवळपास दुपटीवर गेला. वाइनने बिअरची जागा जितकी घेतली, त्याहून जास्त नव्या जागा मिळवल्या: स्वयंपाक करताना, टीव्हीसमोर, मुलं झोपल्यावर, आठवड्याच्या कुठल्याही दिवशी. याच पन्नास वर्षांत यकृताच्या सिरॉसिसने होणारे मृत्यू ब्रिटनमध्ये चढत गेले आणि फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये 1970 च्या दशकानंतर उतरत गेले. मला वाटतं, सुपरमार्केटमधल्या वाइनबद्दल महाराष्ट्रात पुन्हा चर्चा होईल तेव्हा दोन्ही बाजूंनी हा अनुभव समोर ठेवावा. विंचूर आणि पलूसचे वाइन पार्क, 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला दिलेली उत्पादन शुल्काची सवलत, हे सारं शेतकऱ्याच्या हिताचं होतं आणि त्यातून नाशिकला एक नवा उद्योग मिळाला. पण आपल्याकडे विकली जाणारी बहुतांश बिअर मुळात स्ट्राँग आहे, आणि व्हिस्की तर आहेच. तिथे वाइनचं दार उघडलं तर पिणारा व्हिस्की सोडून तिकडे जाईल, असा भरवसा ब्रिटनच्या इतिहासात सापडत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे, तो थोडक्यात पाहू. स्पेनमध्ये 1960 च्या दशकात निम्म्याहून जास्त मद्यार्क वाइनमधून जात होता. आज बिअरचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. लोक शेतं सोडून शहरात आले, दुपारचं घरचं लांब जेवण गेलं, मित्रांबरोबर उभ्या उभ्या घेतलेला थंड, छोटा बिअरचा ग्लास आला. फ्रान्समध्ये 1960 च्या दशकात माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जाई, आता ती साधारण चाळीस लिटरवर आली आहे. ती जुनी वाइन म्हणजे श्रमाचं काम करणाऱ्या माणसाचं रोजचं अन्न होतं, हलकी, स्वस्त, पाण्यासारखी. शाळेतल्या चौदा वर्षांखालच्या मुलांना जेवणाबरोबर ती देणं तर 1956 मध्ये कुठे बंद झालं. आजचा फ्रेंच माणूस कमी वेळा पितो आणि जास्त किमतीची पितो. बिअरचा देश वाइनकडे आणि वाइनचा देश बिअरकडे, असे युरोपातले देश एकमेकांसारखे होत चालले आहेत.

ब्रिटनमध्ये 2004 नंतर पिणं उतरणीला लागलं. तरुणांत न पिणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. मधेच जिनची आणि इटलीच्या प्रोसेकोची लाट येऊन गेली. आणि 1 ऑगस्ट 2023 पासून करपद्धतीच बदलली: बिअर असो, वाइन असो वा आणखी काही, कर मद्यार्काच्या प्रमाणावर ठरतो. साडेतीन टक्क्यांखालच्या पेयांना सवलतीचा दर आहे. बिअर कंपन्यांनी आपल्या ओळखीच्या लागरची ताकद हळूच उतरवायला सुरुवात केली, काही 3.4 टक्क्यांवर आल्या. वाइनला दीड वर्षाची सूट होती, साडेअकरा ते साडेचौदा टक्क्यांमधली प्रत्येक बाटली साडेबारा टक्क्यांची धरली जाई. 1 फेब्रुवारी 2025 रोजी ती सूट संपली आणि मद्यार्क जितका वाढेल तितका कर पायरीपायरीने चढू लागला. स्वस्त वाइनचे मोठे उत्पादक आता द्राक्षं लवकर तोडून किंवा तयार वाइनमधून यंत्राने मद्यार्क काढून घेऊन अकरा, साडेदहा टक्क्यांच्या बाटल्या पाठवतात. 1862 मध्ये ग्लॅडस्टननी हलकी आणि कडक अशी जी रेघ ओढली होती, ती आता दशांश टक्क्यांपर्यंत बारीक झाली आहे, आणि त्याच मळ्याची तीच शार्दोने पाच वर्षांपूर्वीपेक्षा पातळ लागते, हे पिणाऱ्यांच्या लक्षात यायला लागलं आहे.